डाउनलोड केलेली डीव्हीडी बर्न न करता संगणकावर कशी पाहावी

कुणीतरी एखाद्या समारंभाच्या चित्रीकरणाची लिंक पाठवतं. तासभर डाउनलोड चालतं आणि शेवटी हाती येते चार-साडेचार जीबीची एकच फाइल, नावाच्या शेपटाला 'आयएसओ'. ती उघडायला गेलं की जुना संगणक डिस्क बर्न करण्याची, म्हणजे फाइल कोऱ्या डिस्कवर उतरवण्याची, खिडकी पुढे करतो, आणि माणूस कोऱ्या डीव्हीडी शोधायला लागतो. मीही शोधल्या होत्या. दोन डिस्क अर्ध्यावर वाया गेल्या, तिसरी नीट बर्न झाली. ती परत त्याच ड्राइव्हमध्ये सरकवताना लक्षात आलं की जे संगणकात होतं तेच बाहेर काढून आपण पुन्हा संगणकात घालतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आयएसओ फाइल म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, तिला 'इमेज' म्हणतात. डिस्कवरचा मजकूर ज्या क्रमाने असतो त्याच क्रमाने तो या एका फाइलमध्ये उतरवलेला असतो. हे नाव १९८८ साली आलेल्या 'आयएसओ ९६६०' या सीडीच्या मांडणीच्या मानकावरून पडलं. प्लेअरला हवी असते ती ही मांडणी. ती गोल चकतीवरून वाचली काय किंवा हार्ड डिस्कवरून वाचली काय, त्याला सारखंच.

आधी हातात काय आहे ते बघा

या कामातल्या निम्म्या अडचणी फाइलचा प्रकार न बघितल्यामुळे येतात. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, म्हणून आधी ते दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज १० मध्ये याच नावाची खूण थेट 'व्ह्यू' पट्टीवर मिळते.

आता यांपैकी काहीतरी दिसेल: एकच आयएसओ फाइल, 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर, 'बिन' आणि 'क्यू' अशी जोडी, किंवा 'पार्ट १', 'पार्ट २' असे 'रार' या दाबून बांधलेल्या फाइलीचे बरेच तुकडे.

तुकडे असतील तर आधी ते जोडायचे. 'सेव्हन-झिप' हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, कुणाचंही नाव बदलू नका, फक्त पहिल्या तुकड्यावर राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट' निवडा. बाकीचे तुकडे सेव्हन-झिप आपोआप ओढून घेतं. जागा मात्र दुप्पट लागते, कारण जोडलेली फाइल तयार झाली तरी तुकडे तिथेच असतात.

मग आकार तपासा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. विंडोज १०२४ च्या पटीत मोजत असल्याने तीच भरलेली डीव्हीडी तिथे साधारण ४.३८ किंवा ७.९५ जीबी दिसते. त्यामुळे काही गहाळ झालं असं वाटून घेऊ नका. पण देणाऱ्याने सांगितलेल्या आकारापेक्षा फाइल खरोखरच लहान असेल तर डाउनलोड अर्धवट राहिलंय. असा चित्रपट सुरू होतो, छान चालतो, आणि ऐन मध्यात गोठतो. फाइलसोबत 'शा-२५६' असा लांबलचक आकडा (मजकुरावरून काढलेली फाइलची ओळखखूण) दिला असेल तर सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूतल्या 'सीआरसी शा' मधून तुमच्या फाइलचा आकडा काढून दोन्ही ताडून बघा.

सर्वात सोपा रस्ता: व्हीएलसी

'व्हीएलसी' हा प्लेअर आधीच असेल तर बहुतेकांचं काम इथेच संपेल. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून त्याचा जन्म झाला आणि २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना मिळतो. मी त्याचंच नाव पुढे करतो याला कारण आहे. डीव्हीडीतलं चित्र 'एमपेग-२' पद्धतीने आणि आवाज बहुधा 'एसी-३' पद्धतीने बांधलेला असतो. ते सोडवायची सोय विंडोजने २०१२ च्या विंडोज ८ पासून मूळ प्रतीतून काढून टाकली. व्हीएलसी ती सोय स्वतःबरोबर घेऊन येतो.

व्हीएलसी उघडा. आयएसओ फाइल माउसने धरून त्याच्या खिडकीत सोडा. संपलं. डिस्क लावल्यावर येतो तसाच मेनू समोर येईल. बाणाच्या कळा आणि एंटरने, नाहीतर माउसने निवड करा.

काही वेळा मेनूच अडून बसतो. एकच चित्र पुन्हापुन्हा फिरत राहतं आणि बटणं दाद देत नाहीत. अशा वेळी वरच्या 'प्लेबॅक' मेनूत 'टायटल' बघा. तिथे डिस्कवरचे सगळे भाग क्रमांकाने दिसतात. त्यातला सर्वात लांब भाग बहुधा मूळ चित्रीकरण असतो, बाकीचे म्हणजे सूचना, जाहिराती, झलका.

'व्हिडिओ_टीएस' फोल्डर आला असेल तर

इथे माणसं एकच चूक करतात. फोल्डर उघडतात, आतली सर्वात मोठी 'व्हीओबी' फाइल शोधतात आणि तीच लावतात. चित्र दिसतं, त्यामुळे बरोबर केल्यासारखं वाटतं. वीस-पंचवीस मिनिटांनी ते वाक्याच्या मध्येच तुटतं.

डीव्हीडीच्या नियमानुसार एक व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून दोन तासांचं चित्रीकरण चार-पाच फाइलींत चिरलेलं असतं. कोणत्या तुकड्यानंतर कोणता, प्रकरणं कुठे सुरू होतात, आवाज किती भाषांत आहे, हे सगळं 'आयएफओ' या छोट्याशा फाइलींमध्ये लिहिलेलं असतं. 'बीयूपी' फाइली म्हणजे त्याच आयएफओच्या जादा प्रती. चकतीवर ओरखडा पडला तर उपयोगी याव्यात म्हणून ठेवलेल्या. आकाराने किरकोळ दिसतात म्हणून कुणी त्या उडवतात. तसं करू नका. शेजारी 'ऑडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असेल आणि तो रिकामा दिसेल, तर तो तसाच असतो, काही हरवलेलं नाही.

लावायचं कसं? व्हीएलसीच्या 'मीडिया' मेनूत 'ओपन डिस्क' वर जा, 'डीव्हीडी' निवडा, 'ब्राउज' वरून अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर दाखवा आणि 'प्ले' दाबा. मेनूचा कंटाळा असेल तर 'नो डिस्क मेनूज' वर खूण करा. मॅकवर 'डीव्हीडी प्लेअर' हे मूळचं अॅप असतं. त्याच्या 'फाइल' मेनूत 'ओपन डीव्हीडी मीडिया' आहे, तेही हेच काम करतं.

इमेज माउंट करणं

माउंट करणं म्हणजे संगणकाला सांगणं, की ही फाइल म्हणजे ड्राइव्हमध्ये घातलेली डिस्कच समज. दुसरा एखादा प्लेअर वापरायचा असेल, किंवा डिस्कवर चित्रीकरणासोबत फोटोही असतील आणि ते काढून घ्यायचे असतील, तर हा मार्ग बरा.

विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर राइट क्लिक करून 'माउंट' म्हणा. 'धिस पीसी' मध्ये एक नवा ड्राइव्ह उगवेल. 'माउंट' हा पर्याय दिसत नसेल तर दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने आयएसओवर हक्क सांगितलाय असं समजा. 'ओपन विथ' मधून 'विंडोज एक्सप्लोरर' निवडलं की काम होतं. विंडोज ७ मध्ये ही सोय नाही, तिथे इमेज फक्त बर्न करता येते. त्यावर 'विनसीडीएमू' हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं. मॅकवर नुसतं डबल क्लिक. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्क इमेज माउंटर'.

बघून झालं की त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करायला विसरू नका. नाहीतर नंतर फाइल हलवायला किंवा पुसायला जाल आणि ती वापरात आहे असा संदेश येईल.

बिन आणि क्यूची जोडी

ही बहुतेक व्हिडिओ सीडी असते, म्हणजे १९९३ सालचं तंत्र. बिनचं शेपूट बदलून आयएसओ केलं की झालं, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. सीडीवरची जागा सारख्या छोट्या खंडांत विभागलेली असते. साध्या माहितीच्या सीडीवर प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हिडिओ सीडी त्या राखीव जागेतही चित्र भरते आणि खंडात २३२४ बाइट बसवते. चित्रात एखादा ठिपका चुकला तरी बिघडत नाही, हा त्यामागचा हिशोब. बिन फाइल अख्खा २३५२ बाइटचा खंड उचलते. नाव बदलून आतली मांडणी बदलत नाही.

बिन फाइल व्हीएलसीत टाकली तर पुष्कळदा थेट चालते. नाही चालली तर विनसीडीएमूने क्यू फाइल माउंट करा, तयार झालेल्या ड्राइव्हवर 'एमपेगएव्ही' फोल्डर उघडा आणि त्यातली 'डॅट' फाइल व्हीएलसीत लावा. क्यू ही नुसती मजकुराची फाइल असते आणि तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही बिनचं नाव बदललं असेल तर क्यूला ती सापडणार नाही. क्यू नोटपॅडमध्ये उघडून तिथलं नाव दुरुस्त करा.

आणि चित्र धूसर दिसलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र आजच्या पडद्यावर ताणल्यावर आणखी कसं दिसणार? खिडकी लहान ठेवा.

ब्लू-रेची इमेज असेल तर 'बीडीएमव्ही' आणि त्यातल्या 'स्ट्रीम' फोल्डरमधली सर्वात मोठी फाइल व्हीएलसीत लावून बघा. घरच्या कॅमेऱ्यातली असेल तर चालेल. बाजारातल्या ब्लू-रेला मात्र नक्कल रोखणारं सांकेतिक कुलूप असतं. बाजारातल्या डीव्हीडींनाही बहुधा असतं, आणि ते उघडण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. स्वतःचं चित्रीकरण किंवा हक्कमुक्त झालेली जुनी सामग्री असेल तर हा प्रश्न येत नाही.

अडलंच तर

हालचालीच्या वेळी चित्रावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या तर व्हीएलसीत 'डी' दाबा. आवाज भलत्याच भाषेत असेल तर 'बी', उपशीर्षकांसाठी 'व्ही'.

पेन ड्राइव्हवर आयएसओ जाईना आणि ड्राइव्हवर जागा तर भरपूर आहे, असं झालं तर ड्राइव्ह 'फॅट३२' मांडणीचा आहे. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. तो 'एक्सफॅट' मध्ये फॉरमॅट करा, पण त्याआधी त्यावरचं सगळं दुसरीकडे हलवा. फॉरमॅट नको असेल तर आयएसओ सेव्हन-झिपने उघडून आतला व्हिडिओ_टीएस फोल्डर कॉपी करा. त्यातले तुकडे १ जीबीच्या आतलेच असल्यामुळे ते बिनबोभाट जातात.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. व्हिडिओची इमेज उघडल्यावर आत व्हीओबी फाइलींऐवजी 'ईएक्सई' फाइल असेल, किंवा हे पाहायला अमुक प्लेअर, तमुक कोडेक (चित्र-आवाज सोडवणारं जोडसॉफ्टवेअर) घालावाच लागेल असं कुणी बजावत असेल, तर काहीही न चालवता ती इमेज पुसून टाका. चित्रीकरण बघायला तुमचा नेहमीचा प्लेअर पुरतो.

फोनवर बघायचं म्हणून 'हँडब्रेक' सारख्या सॉफ्टवेअरने एमपी-४ करून घ्यायला हरकत नाही. त्यात डिस्कचा मेनू जातो, जादा भाषा आणि उपशीर्षकं तुम्ही निवडाल तेवढीच उरतात. तेव्हा नवी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघून झाल्याशिवाय मूळ आयएसओ पुसू नका.