सर्टिफिकेशन करू का? आधी जाहिराती वाचा, मग पैसे भरा

"सर्टिफिकेट केलं तर जॉब लागेल का?" हा प्रश्न आयटीत शिरू बघणारा प्रत्येक जण विचारतो. जॉब नाही लागणार. इंटरव्ह्यूचा कॉल मात्र येऊ शकतो, तोही ठरावीक कामांसाठीच, त्यामुळे क्लासवाल्याचा फ्लेक्स बघून फी भरायच्या आधी थोडा गृहपाठ करा.

पहिलं काम म्हणजे नौकरी डॉट कॉम नाहीतर लिंक्डइन उघडायचं, जो रोल हवाय तो टाकायचा, शहर टाकायचं आणि वीसेक जाहिराती नीट वाचून काढायच्या. अप्लाय करायचं नाही, नुसतं वाचायचं. सर्टिफिकेट कुठे सक्तीचं आहे, कुठे 'असल्यास प्राधान्य' म्हटलंय आणि कुठे नावसुद्धा नाही, हे वहीत टिपून घ्या. तासाभराचं काम आहे पण कोणी करत नाही, रूममेटने जे केलं तेच आपण करायचं असा आपल्याकडे रिवाज.

टिपलंत की साधारण असं दिसेल: जावा, रिअ‍ॅक्ट, पायथन असलं डेव्हलपरचं काम असेल तर सर्टिफिकेटला फार कोणी विचारत नाही, तिथे कोडिंग राउंड आणि तुम्ही स्वतः काय बनवलंय ते बघतात. नेटवर्किंगला सीसीएनए (सिस्कोची परीक्षा) आजही चालतं. लिनक्स अ‍ॅडमिनला आरएचसीएसए (रेड हॅटची परीक्षा), टेस्टिंगच्या बऱ्याच जाहिरातींत आयएसटीक्यूबी फाउंडेशन (टेस्टिंगचीच परीक्षा), क्लाउड (भाड्याने मिळणारे ऑनलाइन सर्व्हर) सपोर्ट आणि डेव्हऑप्सला (कोड सर्व्हरवर चढवून चालू ठेवायचं काम) एडब्ल्यूएस (अमेझॉनचं क्लाउड) किंवा अझूर (मायक्रोसॉफ्टचं). सायबर सिक्युरिटीत तर सर्टिफिकेटांचा नुसता सुळसुळाट आहे.

आता सर्व्हिस कंपन्यांना, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची आयटी कामं करून देणाऱ्यांना, या कागदाचं एवढं प्रेम का, तर त्यात धंदा आहे. एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट, सिस्को यांच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये वरची पायरी गाठायची तर कंपनीकडे ठरावीक सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, म्हणजे तुमचं सर्टिफिकेट त्यांच्या मोजणीत धरलं जातं. म्हणून हिंजवडीतल्या मोठ्या सर्व्हिस कंपनीचा एचआर ते आवर्जून विचारेल आणि दहा जणांच्या प्रॉडक्ट स्टार्टअपमध्ये त्याचा विषयही निघणार नाही. यातूनच अजून एक गोष्ट निघते, तुम्ही आधीच अशा कंपनीत असाल तर खिशातून पैसे भरायच्या आधी मॅनेजरला विचारा, बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावर फी परत मिळते. फक्त त्याबदल्यात अमुक महिने नोकरी सोडायची नाही अशी अट आहे का ते बघून घ्या.

कुठली परीक्षा द्यायची? एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची आणि सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलरची, वर टॅक्स. पहिली सेल्सवाल्यांना, मॅनेजर लोकांना ठीक आहे, पण टेक्निकल काम हवं असेल तर थेट असोसिएटलाच बसा, आधीची पास असायलाच हवी अशी अट नाही. असोसिएटला ६५ प्रश्न, १००० पैकी ७२० ला पास, आणि ३ वर्षं चालतं. सीसीएनएला ३०० डॉलर जातात, तेही ३ वर्षांचं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट सर्टिफिकेट वर्षभरच चालतात पण ऑनलाइन फुकट रिन्यू होतात, आणि अझूरच्या एझेड-९०० सारखी फंडामेंटल्सवाली (अगदी प्राथमिक) एक्स्पायरच होत नाहीत.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्या परीक्षेत हाताने काम करून दाखवावं लागतं तिला वजन जास्त. आरएचसीएसए आणि कुबरनेटिसची (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) सीकेए या तशा, समोर चालू सिस्टिम असते आणि काम करून दाखवायचं, पर्याय निवडायचे नाहीत. पाठांतर तिथे उपयोगाचं नाही.

पाठांतर इंटरव्ह्यूत कसं उघडं पडतं ते सांगतो. इंटरव्ह्यू घेताना क्लाउडच्या पोरांना मी हमखास विचारतो की प्रायव्हेट सबनेटमध्ये (नेटवर्कचा बाहेरून थेट न पोचता येणारा भाग) सर्व्हर आहे, त्याला इंटरनेटवरून अपडेट घ्यायचेत, काय कराल? 'नॅट गेटवे' (आतल्या सर्व्हरला बाहेर जाऊ देणारा दरवाजा) असं सगळेच म्हणतात, परीक्षेत येतं ना ते. मग विचारायचं, तो कुठल्या सबनेटमध्ये टाकाल आणि रूट टेबलमध्ये (ट्रॅफिक कुठे पाठवायचं त्याची यादी) काय लिहाल? इथे बरेच जण छताकडे बघायला लागतात. ज्याने स्वतःच्या अकाउंटवर उभा केलाय तो मात्र न विचारता बोलत सुटतो, "सर तो पब्लिक सबनेटमध्ये, आणि वापरा न वापरा तासाला पैसे पडतात, मी डिलीट करायला विसरलो आणि बिल आलं." अशा पोराला मी सर्टिफिकेट दाखव म्हणत नाही. तर अभ्यास करताना प्रत्येक टॉपिक एकदा तरी हाताने करा, बिलिंग अलर्ट लावून. डंप्सच्या (फुटलेल्या प्रश्नोत्तरांच्या संचांच्या) नादी लागू नका, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते, शिवाय वरच्यासारख्या दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते.

परीक्षेचं अकाउंट काढताना नाव आयडीवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुठे आडनाव आधी, असा सगळा गोंधळ असतो आणि नाव जुळलं नाही तर बसू देत नाहीत, फी पण जाते.

मग रेझ्युमे. ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट आणि परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट एकाच यादीत कोंबू नका, पंधरा कोर्सांच्या गर्दीत खरं एक हरवून जातं. पास झालेलं वर ठेवा, पूर्ण नाव लिहा म्हणजे सर्चमध्ये येईल, महिना-वर्ष टाका, डिजिटल बॅजची लिंक द्या आणि त्याखाली एका ओळीत त्या ज्ञानातून तुम्ही काय उभं केलंत ते लिहा. मुदत संपली असेल तर तसं स्पष्ट लिहा, समोरच्याला ते तपासायला एक क्लिक पुरतं.