आणखी एक परकीय भाषा शिकायचीय, पण कोणती?

भाषा निवडताना बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात: सोपी कोणती, आणि मागणी कशाला आहे? क्लासला जाणाऱ्याला एवढं पुरतं, कारण तिथे फी भरलेली असते, शिक्षक असतात, सोबत चार जण असतात. एकट्याने शिकणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. नवलाई ओसरल्यावर, सातव्या महिन्यात, रात्री साडेनऊला जेवणं आटोपल्यावर पुस्तक कशासाठी उघडायचं? याचं उत्तर ज्या भाषेबाबत चटकन सुचतं, ती भाषा यादीत वर घ्या.

उत्तर ठोस हवं. ‘जपानी संस्कृती आवडते’ हे उत्तर नव्हे. ‘कंपनीत येणारी यंत्रांची जपानी माहितीपत्रकं वाचायचीत’, ‘मुलगी म्युनिकला आहे, जावयाच्या आईवडिलांशी बोलायचंय’, ‘पेशवेकालीन कागद वाचतो, त्यातली फारसी अडते’ ही खरी उत्तरं. कागदावर तीन भाषा लिहा आणि प्रत्येकीपुढे असं एक वाक्य लिहा. जिच्यापुढे वाक्य सुचत नाही ती तिथेच खोडा.

आधी तासांचा हिशोब

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि कुठल्या भाषेला किती तास लागतात याचे आकडे जाहीर करते. कामकाज नीट करता येईल इतक्या पातळीसाठी स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज यांना साधारण ६०० ते ७५० तास, जर्मन आणि इंडोनेशियनला ९०० च्या आसपास, रशियन आणि फारसीला ११००, तर जपानी, कोरियन, चिनी आणि अरबीला २२००. हे वर्गातले तास आहेत. घरचा अभ्यास वेगळा.

रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, असं धरलं तर वर्षाला ३०० तास होतात. म्हणजे त्या पातळीची स्पॅनिश दोन-अडीच वर्षांत, आणि जपानी सात वर्षांहून जास्त. रोजच्या बोलण्यावाचण्यापुरतं यायला साधारण निम्मा वेळ धरा. पण तो तास खरोखर मिळतो का, हे निवडीआधीच तपासा. पंधरा दिवस घड्याळ लावून मोजा. लोकलच्या गर्दीत कानात वाजणारा धडा अर्धाच धरायचा, कारण तिथे ऐकणं होतं, लिहिणं-बोलणं होत नाही. रोजची खरी २५ मिनिटं निघाली तर २२०० तासांच्या भाषेला हात घालण्याआधी पुन्हा विचार करा.

या आकड्यांत एक मोठी मेख आहे. ते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहेत. त्याच यादीत हिंदीला ११०० तास दिलेत! मराठी माणसाला हिंदीसाठी किती लागतात ते सांगायला नको. तेव्हा यादी जशीच्या तशी घेऊ नका. मराठीने आपल्याला काय आधीच शिकवून ठेवलंय ते तिच्यातून वजा करा.

मराठीचं भांडवल

जपानीपासून सुरुवात करू, कारण तिथे हे भांडवल सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ‘मी पुण्याहून मुंबईला रेल्वेने गेलो’ हे वाक्य जपानीत असं होतं: ‘वाताशि वा, पुने कारा, मुनबाइ ए, देन्शा दे, इकिमाशिता’. एकही शब्द जागचा हलला नाही. ‘हून’च्या जागी ‘कारा’, ‘ला’च्या जागी ‘ए’, ‘ने’च्या जागी ‘दे’. ‘उठून, चहा घेऊन ऑफिसला गेलो’ यातली ‘ऊन’ची साखळीसुद्धा जपानीत तशीच गुंफली जाते. त्याहून सुंदर म्हणजे ‘खाऊन बघ’. जपानीत ‘ताबेते मिरु’, आणि ‘मिरु’ म्हणजे चक्क ‘बघणे’. ‘करून ठेव’ला ‘शिते ओकु’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. पुढच्या सोयीसाठी आधीच काम उरकून ठेवण्याचा भावही तोच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर अख्खं प्रकरण वाचावं लागतं. म्हणून व्याकरणाचं स्पष्टीकरण इंग्रजी पुस्तकातून वाचलं तरी वाक्य मनात मराठीतून जुळवा. वर क्रियापदाला लिंग-वचनाची भानगड नाही. गेलो, गेले, गेली, गेल्या, सगळ्यांना ‘इकिमाशिता’.

मग उरतं काय? कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २१३६ चिन्हं आहेत आणि ती पाठ करताना मराठीची मदत शून्य. व्याकरणात वाचलेला वेळ तिथे जातो. तुम्हाला चिन्हं गिरवत बसणं आवडत असेल तर हरकत नाही. नसेल तर कोरियनकडे बघा: वाक्यरचना तशीच, ‘खाऊन बघ’ तिथेही आहे, आणि लिपीची मूळ अक्षरं फक्त २४. ती चार दिवसांत वाचता येतात. मात्र कोरियनमध्ये समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापदाची रूपं बदलतात, आणि ती तू-तुम्ही-आपण यापेक्षा बरीच गुंतागुंतीची असतात.

उच्चारांतही आपली पुंजी मोठी आहे. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही. जर्मनमधला झेड म्हणजे चाकातला च, जपानी ‘त्सु’तला आवाजही तोच. चिनी रोमन लिपीत लिहिली की तिथला ‘बी’ म्हणजे आपला प आणि ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला फ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. अल्पप्राण-महाप्राण आपल्याकडे मुळाक्षरांतच आहेत. चिनीत अडतात ते सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, आणि तिथे मराठी काही देत नाही.

उलट एक सवय नडते, ती इंग्रजीने लावलेली. रोमन ‘टी’ दिसला की जीभ ट काढते. स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीजमध्ये तो त आहे आणि ‘डी’ म्हणजे द. ‘तोदो’ला ‘टोडो’ म्हणायची खोड पहिल्याच आठवड्यात मोडा, नंतर ती जात नाही. फ्रेंच-पोर्तुगीजचे नाकातले स्वर कोकणी बोलणाऱ्यांना पटकन जमतात, कारण ते त्यांच्या बोलीत आहेतच. बाकीच्यांनी त्यासाठी जास्तीचा वेळ धरावा.

जर्मनची तीन लिंगं ऐकून लोक घाबरतात. आपल्याला तीन लिंगं नवी नाहीत, पण मराठीचं लिंग तिकडे लावायला गेलात की फसलात. आपला सूर्य तो, त्यांची ‘झोन’ ती. त्यांची मुलगी, ‘मेडशन’, नपुंसकलिंगी, हे वाचून हसू येतं. पण कोकणीत ‘चेडूं’ही नपुंसकलिंगीच आहे आणि आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच. म्हणून शब्द नेहमी डेर-डी-डास (लिंग दाखवणारी, नामाआधी येणारी उपपदं) सकट पाठ करायचा, सुटा कधीच नाही. विभक्ती ज्यांनी शाळेत संस्कृतमध्ये घोकल्यात त्यांना जर्मनच्या चार किंवा रशियनच्या सहा पाहून धक्का बसत नाही. जर्मनमध्ये पोटवाक्याच्या शेवटी क्रियापद येतं ते आपल्याला सहज जमतं. अडखळायला होतं ते मुख्य वाक्यात, कारण तिथे क्रियापद दुसऱ्या जागी ठोकून बसवावं लागतं.

एका भाषेचं नाव सहसा कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम: इंडोनेशियन. लिपी रोमन, लिंग नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. शब्द तर ओळखीचे निघतात: भाषा म्हणजे ‘बहासा’, नवरा ‘सुआमी’, बायको ‘इस्त्री’, उपवास ‘पुआसा’, रंग ‘वार्ना’, काच ‘काचा’. अर्थ मात्र कधी कधी सरकलेला असतो: ‘नगारा’ म्हणजे नगर नव्हे, देश, आणि ‘दोसा’ म्हणजे पाप. आम्ही आणि आपण हा फरक, जो इंग्रजीत नाही आणि हिंदीतही नाही, तो तिथे ‘कामी’ आणि ‘किता’ असा स्वच्छ आहे. अडचण एकच: पुस्तकातली भाषा आणि जकार्तातलं बोलणं यांत बरंच अंतर आहे. पुस्तकात ‘नाही’ला ‘तिदाक’, तोंडी ‘ङ्गाक’. दोन्ही पहिल्यापासून ऐका.

फारसीबद्दल थोडक्यात: हंगाम, जमीन, कागद, दुकान, बाजार, हजार, अर्ज हे शब्द आपण फुकटात घेऊन जातो, क्रियापद शेवटी येतं, लिंग नाही. लिपी उजवीकडून डावीकडे, आणि ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, हाच काय तो त्रास. अरबीत मात्र शिकायच्या आधीच निवड करावी लागते. बातम्या-पुस्तकांची प्रमाण अरबी एक, आणि दुबई-मस्कतला रस्त्यावर कानी पडणारी बोली दुसरी. आखातात राहणाऱ्याने नुसती प्रमाण अरबी घेतली तर शेजाऱ्याचं बोलणं कळणार नाही.

साहित्य मिळतं का?

भाषा ठरवण्याआधी एक संध्याकाळ शोधाशोधीला द्या. चार गोष्टी हाताशी हव्यात: ध्वनीसह क्रमवार धडे असलेलं एक पुस्तक, उच्चार ऐकवणारा शब्दकोश, हळू बोललेलं पण खरं ऐकायला काहीतरी, आणि अर्ध्या तासाला परवडेल असा बोलायला माणूस. जर्मनसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा मोफत व्हिडिओ अभ्यासक्रम आणि सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत. फ्रेंचसाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र, जपानीसाठी एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे मोफत धडे. चारपैकी दोन गोष्टी मिळेनात, तर ती भाषा एकट्याने शिकण्याजोगी नाही, क्लास शोधा.

परीक्षेचाही विचार आत्ताच करा, कारण एकट्याला तारीख लागते. जपानीची जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे हे तिचं केंद्र आहे. पण तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. एन-३ (तिच्या पाच पातळ्यांतली मधली) पास होऊनही तोंड उघडत नाही ते त्यामुळेच. जर्मन आणि फ्रेंचच्या परीक्षांत बोलावं लागतं, त्यामुळे तयारी आपोआप चौफेर होते.

दोन भाषा, चौदा-चौदा दिवस

इथवर यादीत दोन नावं उरली असतील. आता विचार थांबवा आणि दोन्ही चाखून बघा. आधी एक भाषा १४ दिवस, रोज ४५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. मग तेवढीच दुसरी. एकाच वेळी दोन्ही नको, कुठली जमली तेच कळणार नाही.

पहिले तीन दिवस फक्त लिपी आणि आवाज. पुढचे सहा दिवस पुस्तकाचे पहिले चार-पाच धडे, प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत. मग तीन दिवस एकच मिनिटाचा ध्वनिमुद्रित संवाद घ्या, आधी न बघता, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा न बघता ऐका. तेराव्या दिवशी स्वतःच्या दिवसाबद्दल दहा वाक्यं लिहा. चौदाव्या दिवशी ऑनलाइन शिक्षकाशी अर्धा तास बोला, ओळख आणि ती दहा वाक्यं.

नंतर चार दिवस त्या भाषेला हातही लावू नका. पाचव्या दिवशी कोरा कागद घ्या आणि आठवतील ते शब्द, आठवतील ती वाक्यं लिहा. दोन्ही भाषांचे कागद शेजारी ठेवा. आठवलेल्या शब्दांइतकाच दुसरा आकडा महत्त्वाचा: चौदापैकी किती दिवस बसलात? नऊ दिवस बसून ऐंशी शब्द आठवणारी भाषा आणि चौदाच्या चौदा दिवस बसून साठ आठवणारी भाषा यांत दुसरी घ्या. शब्द वाढतात. न बसणारा माणूस मात्र सहसा बदलत नाही.

या काळात एक चूक हमखास होते, ती म्हणजे उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं. वर कळावं म्हणून इथे तसं लिहिलंय, पण वहीत तसं करू नका. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, आणि तोच ‘बा’ दुप्पट लांबवला की आजी. देवनागरीत दोन्हींना एकच आ लागतो, आणि मग काकूची आजी होते. पहिल्या तीन दिवसांनंतर मूळ लिपीच वापरा.

आधीच्या भाषेचं काय?

दहावीला गुणांसाठी घेतलेली जर्मन किंवा फ्रेंच कपाटात पडून असेल, तर नवी भाषा घेण्याआधी तिचा ए-२ पातळीचा (युरोपीय मोजपट्टीत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असतात, त्यातली दुसरी) एखादा उतारा वाचून बघा. अर्ध्याहून जास्त कळला तर तीच ‘पुढची’ भाषा धरा. झोपलेली भाषा जागी करायला नवीच्या मानाने फार कमी वेळ लागतो.

आधीची भाषा बी-१ला, म्हणजे तिसऱ्या पातळीला, पोचली नसेल तर तिची सख्खी बहीण घेऊ नका. कच्च्या स्पॅनिशवर पोर्तुगीज चढवली की दोन्ही मिसळतात. स्पॅनिशमध्ये ‘एक्स्किसितो’ म्हणजे अत्यंत चविष्ट, पोर्तुगीजमध्ये जवळपास तोच शब्द, ‘इश्किझितु’, म्हणजे विचित्र. यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाला कुठला शब्द वापरला गेला ते जेवणानंतर कळून उपयोग नाही. स्पॅनिशनंतर लगेच कोरियन घेतली तर असा गोंधळ होत नाही.

नवी सुरू झाल्यावर जुनीला आठवड्यातून दीड-दोन तास तरी द्या. ते एकदम रविवारी न देता वीस-वीस मिनिटांत वाटा, आणि त्यात व्याकरण नको. वाचन, ऐकणं, एखादा फोन एवढंच. तेवढाही वेळ निघत नसेल तर नवी भाषा सहा महिने पुढे ढकला.