चायनाहून माल मागवताय? पैसे पाठवायच्या आधी या चुका टाळा

तुर्भ्याला आमचं बाथरूम फिटिंगचं छोटं गोडाऊन आहे, टॉवेल रॉड, हुक, साबणदाणी असला माल. पहिल्यांदा चायनाहून मागवला तेव्हा सॅम्पल एक नंबर होतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात उलव्याहून, खारघरहून फोन सुरू झाले, ताई रॉडवर गंजाचे डाग पडलेत. सॅम्पल 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं होतं, आलेला माल 201 ग्रेडचा.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 201 मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात, दिसायला दोन्ही सेम चकचकीत पण आपल्याकडच्या खाडीच्या खाऱ्या हवेत 201 टिकत नाही. पुष्कळ जण मॅग्नेट लावून बघतात, त्यावर अजिबात जाऊ नका, 201 ला पण तो सहसा चिकटत नाही आणि चांगलं 304 सुद्धा वाकवलेल्या जागी थोडं चिकटतं. टेस्टिंगचे थेंब मिळतात, मँगनीज जास्त असलं की लाल होतात, आणि मोठी ऑर्डर असेल तर सरळ लॅबमध्ये तपासून घ्या.

पण खरी चूक कागदात होती. आमच्या ऑर्डरवर नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलेलं, मग भांडणार कशाच्या जोरावर? ग्रेड, पत्र्याची जाडी, एका नगाचं वजन, पॅकिंग, सगळं लिहून घ्या आणि पास केलेल्या सॅम्पलचे दोन नग सही करून सील करा, एक त्यांच्याकडे एक तुमच्याकडे. हे दर ऑर्डरला करायचं बरं का, कारण पहिला लॉट फर्स्ट क्लास येतो आणि तिसऱ्या लॉटपासून पत्रा हळूच पातळ होतो.

दुसरी चूक, बाकीचे पैसे आधी सोडणं. बहुतेक ठिकाणी 30 टक्के ॲडव्हान्स आणि 70 टक्के माल निघताना असं चालतं. ते 70 टक्के हातात आहेत तोपर्यंतच फॅक्टरी तुमचं ऐकते, म्हणून माल तयार झाला की तिकडेच थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरच्या कंपनीकडून मालाची तपासणी, लावा आणि रिपोर्ट बघूनच पैसे पाठवा. 1000 नगांच्या लॉटमध्ये नेहमीच्या पद्धतीने 80 नग काढून तपासतात, एक्यूएल, म्हणजे किती खराबी चालवून घ्यायची ती मर्यादा, 2.5 धरली तर 5 पर्यंत खराब चालतात, 6 निघाले की लॉट नापास. चायनीज न्यू इयरच्या तोंडावर घाईत निघणाऱ्या मालाला तर इन्स्पेक्शन पाहिजेच पाहिजे, कामगारांना गावाला जायची घाई असते. आणि ईमेलवर अचानक ‘आमचं बँक अकाउंट बदललंय’ असं आलं तर आधी व्हिडिओ कॉल करून खात्री करा.

आता हिशोब. तिकडचा रेट गुणिले डॉलर, एवढ्यावर नफा काढू नका. ड्युटी लागते ती भाडं आणि इन्शुरन्स धरून होणाऱ्या किमतीवर. समजा ती 100 रुपये आणि बेसिक ड्युटी 10 टक्के, तर 10 रुपये ड्युटी, त्यावर 10 टक्के सरचार्ज म्हणजे 1 रुपया, मग 111 वर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) जवळपास 20, म्हणजे झाले 131. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण तोपर्यंत रोख अडकते. शिवाय थोडा माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून येत असेल तर समुद्राचं भाडं जवळपास फुकट सांगतात आणि न्हावा शेव्याला उतरल्यावर इकडच्या चार्जेसमध्ये वसूल करतात, तेव्हा दोन्हीकडचं कोटेशन लेखी घ्या. हे सगळं धरून थोड्या नगांसाठी मला तरी राजकोट-जामनगरचा मालच परवडतो.

फॅक्टरीवाले कमी किमतीचं बिल बनवून देतो म्हणाले तर नकोच. कस्टमने पकडलं तर माल जप्त होऊ शकतो, आणि वाटेत नुकसान झालं तर इन्शुरन्सला दाखवायला तेच कमीचं बिल असतं. खेळणी आणणाऱ्यांनी तर आधी बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नियम बघा, 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे.

आणि खराब माल आलाच असेल तर? कंटेनरचं सील तोडायच्या आधी त्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा, खोके उघडताना सलग व्हिडिओ घ्या, खराब नग मोजून त्याच दिवशी लेखी कळवा. फॅक्टरीवाले म्हणतात पुढच्या ऑर्डरमध्ये डिस्काउंट देतो, आम्ही ते मान्य केलं आणि त्याच फॅक्टरीत अजून एक ऑर्डर अडकून बसलो. तुम्ही थोडे कमी मिळाले तरी पैसेच परत मागा.