लाइक भरपूर, ऑर्डर नाही: फराळाच्या पेजवरच्या या चुका टाळा

नवरात्र सुरू झालं की व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर चकल्या-करंज्या दिसायला लागतात. घरगुती फराळ, मसाले, पापड-लोणची करणाऱ्यांची इन्स्टाग्राम पेजं तर आता प्रत्येक सोसायटीत दोन-चार निघतील. बहुतेकांची तक्रार एकच असते: लोक लाइक करतात, "वा ताई, मस्त!" लिहितात आणि ऑर्डर काही देत नाहीत. अशी पेजं बघितली तर पदार्थात खोट क्वचितच सापडते. गिऱ्हाइकाला जे विचारायचं असतं, ते पेजवर कुठेच लिहिलेलं नसतं. काय मिळेल, केवढ्याला, कुठपर्यंत पोचवाल आणि ऑर्डर कधीपर्यंत द्यायची? एवढं चटकन कळलं नाही, तर अंगठा पुढच्या रीलवर जातो.

भाव लपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोटोखाली "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहायचं आणि मेसेजची वाट बघत बसायचं. यामागची दोन कारणं नेहमी ऐकू येतात. एक, शेजारची आपला भाव बघून दहा रुपये कमी लावेल. तिला भाव काढायचाच असेल तर ती बहिणीच्या फोनवरून विचारेल, ते काही तुमच्या हातात नाही. दुसरं, भाव बघून माणूस पळेल. जो ५०० रुपये किलोची चकली घेणारच नाही, तो मेसेजवर भाव ऐकूनही घेणार नाही. फक्त मधे तुमचा अर्धा तास जाईल.

खरं नुकसान तिसरीकडेच होतं. भाव विचारून मग "नको" म्हणायचा आपल्याकडे फार संकोच. ओळखीतल्या काकूंना तर नाहीच म्हणता येत. म्हणून माणूस विचारतच नाही. ज्याला परवडलं असतं, तोसुद्धा.

तेव्हा भावपत्रक सरळ लावा. पाव, अर्धा आणि एक किलोचा भाव, कुरिअर धरून की वेगळं, किमान ऑर्डर किती, आगाऊ रक्कम किती. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या माथ्यावर तीन पोस्ट पिन करून ठेवता येतात, त्यातली एक भावपत्रकाची असू द्या. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे आणि त्यात कॅटलॉग असतो. तिथे प्रत्येक पदार्थाखाली भाव टाका म्हणजे तीच यादी रोज दहा जणांना नव्याने टाइप करायला लागणार नाही. तेल-बेसन महागल्यावर भाव बदलतो, म्हणून पत्रकावर तारीख हवीच. नाहीतर गेल्या दिवाळीचा स्क्रीनशॉट घेऊन कोणीतरी हटकून भांडायला येतं.

"मी सगळ्यांना पाठवलं, पण कोणाला मिळालंच नाही"

व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा पाठवण्याच्या सोयीबद्दल, ही तक्रार हमखास येते. कारण साधं आहे: ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. तुमच्याकडे त्याचा नंबर असून उपयोग नाही. एका यादीत माणसं बसतात जास्तीत जास्त २५६, आणि त्यातल्या किती जणांनी तुम्हाला सेव्ह केलंय हे यादी बघून कळत नाही. पाठवलेल्या मेसेजची माहिती उघडली की तो कोणाकोणाला पोचला ते दिसतं. ती एकदा तपासा.

यावर उपाय पेजवर नाही, डब्याच्या झाकणावर आहे. पार्सलमध्ये नाव-नंबराची चिठ्ठी टाका आणि वर लिहा, "पुढची यादी हवी असेल तर नंबर सेव्ह करून एक मेसेज टाका." ज्याने स्वतःहून मेसेज टाकला, त्याला यादीत घ्या. बाकीच्यांना नको.

याच्या उलट चूक म्हणजे दिसेल त्याला ग्रुपमध्ये ओढणं. मुलाच्या शाळेचा पालक ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, माहेरच्यांचा ग्रुप, सगळीकडून नंबर उचलून "आमचा फराळ" नावाचा ग्रुप काढायचा. निम्मे जण मुकाट बाहेर पडतात, दोन-चार जण रिपोर्ट करतात. असे रिपोर्ट साचले की नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर डब्यांवर छापलेला असतो. एकगठ्ठा मेसेज पाठवण्यासाठी जीबी व्हॉट्सअॅपसारखी बाहेरची अॅप घेणाऱ्यांवरही बंदीची हीच पाळी येते.

पोस्टर फार, पदार्थ कमी

कुठलंही असं पेज खाली सरकवत जा. महिला दिनाच्या शुभेच्छा, डॉक्टर दिनाच्या शुभेच्छा, योग दिनाच्या शुभेच्छा, प्रत्येकावर कोपऱ्यात लोगो आणि नंबर. डॉक्टर दिनाचं पोस्टर बघून चिवडा मागवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सणावाराला चार शुभेच्छा द्याव्यात, पण भिंत त्यांनीच भरली तर आलेल्याला चकली दिसणार कुठे?

दुसरा प्रकार गूगलवरून उचललेल्या फोटोंचा. फोटोत सोनेरी, एकसारख्या चकल्या आणि डब्यात निघतात तुमच्या हातच्या. त्या कदाचित जास्त चांगल्या असतील, पण फोटोपेक्षा वेगळ्या आहेत आणि गिऱ्हाइकाला तेवढंच दिसतं. शिवाय दुसऱ्याचा फोटो वापरायचा हक्क आपल्याला नसतो.

स्वयंपाकघरात जे चाललंय, ते दाखवायला काही लागत नाही. अनारशाचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सावलीत फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, पीठ गुळात मळून मुरत ठेवायचं. आठवडाभराच्या पोस्ट इथेच झाल्या. शेवटी खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि जाळी पडताना कॅमेरा तिथेच धरून ठेवायचा. ज्याने हे सगळं पाहिलं, तो अनारसे चिवड्यापेक्षा महाग का, असं विचारत नाही. चकलीला काटे आलेत का, मोडताना आवाज कसा येतो, हे दाखवायला दहा सेकंद पुरतात. दिवसा, खिडकीशी. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत खमंग भाजणीसुद्धा हिरवट-राखाडी दिसते.

रीलचा आवाज गायब होतो, हाही नेहमीचा प्रश्न. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला सिनेमाच्या गाण्यांचा पूर्ण साठा वापरता येत नाही आणि बाहेरून गाणं चिकटवलं की हक्कांच्या कारणाने आवाज बंद होऊ शकतो. आपल्याच आवाजात बोला. गाण्यापेक्षा कढईचा चर्र आवाज कितीतरी बरा.

नाव सापडत नाही

देवाचं नाव, मग दोन अंडरस्कोअर, मग फूड्स, मग जन्मसाल. असं खातं कोण शोधणार? खात्याचं आयडी काहीही असो, प्रोफाइलमधल्या नावाच्या रकान्यात पदार्थ आणि गाव लिहा: "घरगुती फराळ, सांगली". इन्स्टाग्रामचा शोध हा रकाना बघतो. बायोमध्ये पोचवण्याचा भाग आणि व्हॉट्सअॅपची लिंक द्या, कारण फोटोखाली लिहिलेली लिंक दाबली जात नाही. खाण्याचा धंदा आहे, तर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांकही दिसू द्या. अनोळखी गिऱ्हाईक तो बघतं.

विकत घेतलेले फॉलोअर तुमच्याकडून पाव किलो शेवही घेणार नाहीत, यावर जास्त बोलायची गरज नाही. पोस्ट बूस्ट करताना, म्हणजे पैसे भरून ती जाहिरातीसारखी जास्त लोकांना दाखवताना, मात्र जरा थांबा. भाग न निवडता बटण दाबलं की नागपूरच्या करंज्या अशा ठिकाणी दिसतात जिथे तुम्ही पाठवतच नाही. आपलं शहर किंवा ठरावीक किलोमीटरचा घेर निवडा आणि उद्देश "प्रोफाइलला भेट" न ठेवता "मेसेज" ठेवा. जाहिरातीच्या पैशांवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही हिशेबात धरा.

वसुबारसेला जाग येणं

वसुबारसेच्या दिवशी पहिली पोस्ट टाकून उपयोग नाही, तोवर लोकांनी सांगून ठेवलेलं असतं. नवरात्रात यादी, कोजागरीपर्यंत स्मरण आणि ऑर्डर बंद होण्याची तारीख ठळक. परदेशी पाठवणार असाल तर ती तारीख बरीच आधी. आणि तारीख उलटल्यावर ऑर्डर खरंच बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पैसे आणि खातं

धंद्याचा नंबर जगजाहीर असतो, म्हणून भामटेही तिथेच येतात. "मी लष्करात आहे, युनिटसाठी वीस किलो लाडू हवेत, आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." यूपीआयवर पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला तरी बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय डबा बांधू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जाण्याची शक्यता जास्त.

"तुमच्या पेजने कॉपीराइट मोडलाय, २४ तासांत इथे लॉगिन करा" हा मेसेजही असाच. लिंक उघडायची नाही. व्हॉट्सअॅपचा सहा अंकी कोड कोणालाही सांगायचा नाही, मागणारा ओळखीचा असला तरी, कारण त्याचंच खातं आधी गेलेलं असू शकतं. कोड गेलाच तर आपल्या फोनवर त्याच नंबराने पुन्हा नोंदणी करा, समोरचा बाहेर फेकला जातो. पण त्याने दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन आधीच लावून ठेवला असेल, तर पिनशिवाय आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं. ऐन दिवाळीत सात दिवस. सेटिंग्जमध्ये जाऊन तो पिन आजच स्वतः लावा आणि ईमेलही जोडून ठेवा.