नव्या स्ट्रायकर पिस्तुलाची वाट पाहताय? आधी बोअर ठरवा, मग नळी मोजा

परदेशातल्या एखाद्या कंपनीचं नवं स्ट्रायकर पिस्तूल (मागे घोडा नसलेलं, आतल्या स्प्रिंगवरच्या पिनेने उडणारं) येणार म्हटलं की व्हिडिओ फिरायला लागतात. जळगाव-धुळ्याकडच्या लायसन्सवाल्यांमध्येही चर्चा सुरू होते: नळी किती, मॅगझिन किती राउंडचं, आपल्याकडे कधी येणार. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. बहुतेक वेळा त्याचं उत्तर "येणार नाही" असंच असतं आणि त्याला कारण नळीची लांबी नसून बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास आणि त्यात बसणारं काडतूस, असतो.

नळीच्या लांबीची एवढी चर्चा येते ती मुख्यतः कॅनडातून. तिथे 105 मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीचं हँडगन प्रतिबंधित आहे. मोजायचं ते नळीच्या तोंडापासून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) धरून मागच्या टोकापर्यंत. रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर धरत नाहीत, आणि तोंडाला लावलेला फ्लॅश सप्रेसरसारखा कोणताही जोड मोजत नाहीत. म्हणून 102 मिमी नळीचं ग्लॉक 19 तिथे चाललं नाही आणि कंपनीने खास कॅनडासाठी 106 मिमीची आवृत्ती काढली. 114 मिमीचं ग्लॉक 17 मात्र जसंच्या तसं बसलं. ऑस्ट्रेलियात खेळाच्या नेमबाजांसाठी सेमी-ऑटोमॅटिकला 120 मिमी आणि रिव्हॉल्वरला 100 मिमी ही खालची मर्यादा आहे. कॅनडात 21 ऑक्टोबर 2022 पासून हँडगनची खरेदी-विक्रीच गोठवली आहे, त्यामुळे सर्वसाधारण माणसाला तिथे आता 106 मिमीचंही घेता येत नाही. एकाच पिस्तुलाच्या लांब-आखूड आवृत्त्या का दिसतात, हे यावरून कळेल. पण हे नियम तिकडचे, ते आपल्या अर्जाला लावू नका.

आपल्याकडे नळीची मर्यादा आहे ती गुळगुळीत नळीच्या बंदुकीला. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी म्हणून जी गुळगुळीत नळीची बंदूक धरली आहे, तिची नळी किमान 20 इंच, म्हणजे 508 मिमी, असावी लागते. त्याहून आखूड झाली की ती थेट प्रतिबंधित वर्गात जाते. जुन्या बारा बोअरची नळी कापून "हातात मावेल अशी" करून देणारे कारागीर भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि बंदूक लायसन्सची असली तरी तो माफ होत नाही.

पिस्तुलाला आपल्या कायद्यात अशी मिलिमीटरची अट नाही, तिथे बोअर बघतात. 9 मिमीचं सर्व्हिस काडतूस ज्यात बसतं आणि उडतं ते पिस्तूल पीबी, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर. जिल्हाधिकारी त्याचं लायसन्स देऊ शकत नाहीत. जगात येणारी नवी स्ट्रायकर पिस्तुलं बहुतेक 9 मिमीचीच असतात, आणि आपली वाट तिथेच अडते. एनपीबीमध्ये, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअरमध्ये, आपल्याकडे मुख्य चलन .32 चं आहे. गंमत म्हणजे कॅनडात .32 कॅलिबरच नळी न बघता प्रतिबंधित आहे आणि 9 मिमी कॅलिबरवर तशी बंदी नाही; आपल्याकडे नेमकं उलटं. शिवाय सर्वसाधारण लायसन्सधारकाला नवं पिस्तूल परदेशातून मागवता येत नाही. वाट पाहायचीच असेल तर भारतात बनणाऱ्या .32 च्या मॉडेलची पाहा.

.32 मध्येही एक घोळ आहे आणि तो गन हाऊसच्या काउंटरवर नेहमी होतो. पिस्तुलाचं .32 म्हणजे .32 एसीपी, 7.65×17 मिमी. रिव्हॉल्वरचं .32 म्हणजे .32 एस अँड डब्ल्यू लाँग, बरंच लांब काडतूस. दोन्हींच्या नावात .32 असलं तरी एकाची काडतुसं दुसऱ्याला चालत नाहीत. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये सरकलं तरी उडवू नका, त्याचा दाब जास्त असतो. लायसन्सवर "पिस्तूल" लिहिलंय की "रिव्हॉल्वर" हे अर्ज करतानाच ठरवा, नंतर बदलून घ्यायचं तर पुन्हा प्रस्ताव.

कागदाचं काम मॉडेल बाजारात येण्याआधी उरकावं. अर्ज नमुना ए-1 मध्ये, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे तीच पद्धत. वय किमान 21. पोलीस ठाण्याची पडताळणी, डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी शस्त्र कुलपात ठेवण्याची हमी हे चार कागद ज्याचे अर्धवट, त्याचा प्रस्ताव फिरत राहतो. लायसन्सची नोंद राष्ट्रीय प्रणालीत होऊन युआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो. तो नसेल तर दुकानदार विक्री करत नाही. शस्त्र अधिनियमातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्सची मुदत 5 वर्षं झाली आणि शस्त्रांची मर्यादा 3 वरून 2 वर आली. वडिलांची बारा बोअर आणि एक रिव्हॉल्वर नावावर असेल, तर नव्या पिस्तुलासाठी त्यातलं एक आधी सोडावं लागेल.

अर्जातलं कारण नीट लिहा. रावेर-यावलच्या केळीत रानडुकरं शिरतात, हे पिस्तूल मागायचं कारण होत नाही. पिकासाठी वेगळी तरतूद आहे आणि तिथे ठासणीची बंदूक धरली आहे. सराफी व्यवसाय, जिनिंगची रोकड, पेट्रोल पंपाचा भरणा असं असेल तर कागद जोडा: भरण्याच्या बँक पावत्या, पूर्वी दिलेल्या तक्रारींच्या प्रती, रात्रीच्या प्रवासाचा मार्ग. "जिवाला धोका आहे" एवढ्या एका ओळीवर पोलिसांचा अहवाल अनुकूल येत नाही.

आता यंत्राकडे. स्ट्रायकर पिस्तुलाला मागे दिसणारा घोडा नसतो. स्लाइडच्या, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, आत स्प्रिंगवर बसलेली पिन असते. स्लाइड मागे येऊन पुढे जाताना ती थोडी किंवा पूर्ण ताणली जाते आणि चाप दाबला की सुटते. ही रचना काही आजची नाही, ब्राउनिंगचं एफएन 1910 असंच होतं. 1980 च्या दशकात ग्लॉकने तिला प्लास्टिकची बॉडी आणि चापातलं सेफ्टीचं पातं जोडलं. घोडा नसल्याने पिस्तूल ताणलेलं आहे की नाही हे लांबून कळत नाही, आणि बऱ्याच मॉडेलना अंगठ्याची सेफ्टीही नसते. म्हणून ते कमरेला, विजारीत नुसतं खोचून फिरणं सगळ्यात वाईट. शर्टाचं टोक किंवा नाडी चापात अडकली की काम संपलं. चाप पूर्ण झाकणारं ताठ होल्स्टर घ्या आणि पिस्तूल आत घालताना बोट बाहेर, नजर तिथेच.

पहिल्या लॉटची घाई करू नका. सिग पी320 हे मोठं नाव असूनही पडल्यावर गोळी सुटण्याच्या प्रश्नामुळे कंपनीला 2017 मध्ये सुधारणा कार्यक्रम काढावा लागला. नवं मॉडेल एक-दोन वर्षं लोकांच्या हातात राहू द्या, मग घ्या.

काउंटरवर तपासणी या क्रमाने करा. मॅगझिन काढा, स्लाइड तीनदा ओढा, मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि करंगळी घालून चाचपा. मग फ्रेम आणि स्लाइडवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा आणि प्रूफ मार्क (चाचणी झाल्याचा शिक्का) पाहा. चापाचं मधलं पातं न दाबता फक्त कडेने दाबून पाहा. चाप हलला तर ते पिस्तूल परत द्या. नळीत उलटी पेन्सिल (खोडरबर आत) सोडून, नळी वर धरून चाप दाबला की पेन्सिल जोरात उसळायला हवी. नुसती हलली तर स्ट्रायकरची स्प्रिंग मंद आहे किंवा वाटेत ग्रीस साचलंय. नळी मोजायची असेल तर स्लाइड बंद करून लाकडी काडी तोंडातून मागे टेकेपर्यंत घाला, खूण करा, पट्टीवर मोजा.

खान्देशात ग्रीसचा मुद्दा मोठा आहे. इथे उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो, काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि जिनिंगच्या परिसरात कापसाचा तंतू हवेतच तरंगतो. स्ट्रायकरची आतली वाट कोरडी ठेवा. तिथे तेल घातलं की धूळ आणि तंतू चिकटून लगदा होतो, पिन मंदावते, काडतुसावर हलकी टिचकी पडते आणि राउंड उडत नाही. तेल फक्त स्लाइडच्या खाचांना आणि नळीच्या बाहेरच्या अंगाला, एकेक थेंब. काही मॉडेल उघडण्यासाठी आधी चाप दाबावा लागतो, आणि घरात साफ करताना गोळी सुटते ती इथेच. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवल्याशिवाय उघडायला घेऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसं ठेवू नका.

.32 एसीपी भरतानाही काळजी हवी. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल जाम होतं. प्रत्येक राउंड मागे पूर्ण टेकवून भरा, वरच्याची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. काडतुसं लायसन्सवर लिहिलेल्या संख्येतच, अधिकृत दुकानातून घ्या. वरणगावच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीशी याचा संबंध नाही. तिथला माल लष्करासाठी 5.56 आणि 7.62 चा.

लायसन्स येईपर्यंत हात बसवायचा असेल तर 4.5 मिमीचं, 20 ज्यूलखालचं एअर पिस्तूल घ्या, त्याला परवाना लागत नाही. 10 मीटरवर चाप सरळ मागे दाबायची सवय होते. धीर सुटून चोपड्याच्या पलीकडे उमर्टीच्या वाटेला लागू नका: गावठी कट्टा बाळगला तरी 2 ते 5 वर्षं कैद आहे. लायसन्सच्या शस्त्रानेसुद्धा लग्नात हवेत गोळी झाडली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला की पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करताना पावतीवर शस्त्राचा नंबर, मॅगझिनची संख्या आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि परत घेताना त्याच पावतीवर ताडून पाहा.