पोरांना ट्रॅकवर आणताय? गिअर छोटाच ठेवा

ट्रॅक सायकलिंगच्या (गोल, उतरत्या वळणांच्या ट्रॅकवरच्या रेसिंगच्या) क्लबमध्ये नवीन पोर आलं की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, सायकल कोणती घेऊ. अहो थांबा जरा. क्लबची सायकल मिळत असेल तर सुरुवातीचे महिने त्यावरच चालवू द्या, या वयात पोरं भराभर उंच होतात आणि आज बरोबर बसलेली फ्रेम वर्षभरात छोटी पडते.

ट्रॅकची सायकल म्हणजे फिक्स गिअर, ब्रेक नाही, फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी सोय) नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. रोडवर चालवणारं पोर पहिल्या दिवशी सवयीने पाय थांबवतंच आणि पेडल असा झटका देतं की ते सीटवरून उचललं जातं. म्हणून आधी खालच्या सपाट पट्टीवरच फिरवा, पायाने पेडल हलकेच मागे धरून स्पीड कमी करायला आणि रेलिंगला हात लावून थांबायला आलं पाहिजे. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, चाक फिरत असताना चेनला बोट किंवा फडकं अजिबात लावू देऊ नका, फिक्सची चेन थांबत नाही, बोट तुटतं.

250 मीटरच्या ट्रॅकवर वळणाला साधारण 42 अंशांचं बँकिंग म्हणजे आतल्या बाजूला उतार असतो, खालून बघितलं तर भिंतच वाटते. घाबरून पोरं वळणात स्पीड कमी करतात आणि तिथेच टायर घसरतो. वळणाच्या आधीच स्पीड घ्यायचा, नजर पुढच्या चाकावर नाही तर वळणाच्या पलीकडे ठेवायची. चढायचं टप्प्याटप्प्याने, आधी काळी रेषा (लॅपचं अंतर हिच्यावरच मोजतात), मग लाल, मग निळी. सगळे डावीकडे वळत फिरतात त्यामुळे ओव्हरटेक उजवीकडून म्हणजे वरून, आणि वर सरकायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचंच. ही सवय लागेपर्यंत मी पोरांना घोळक्यात सोडत नाही, कितीही जोरात पळत असली तरी.

आता गिअर. पुढे 48 दाते आणि मागे 16, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात साधारण 6.3 मीटर, सुरुवातीला एवढं पुरे. यावर 40 चा स्पीड धरायचा तर पाय मिनिटाला 106 च्या आसपास फिरवावे लागतात, आणि पोरांना शिकायचंय ते हेच. मोठा गिअर लावला की एखाद्या दिवशी टाइम चांगला येतो, पालक खूश होतात, पण गुडघ्यांवर ताण येतो आणि कोणी अचानक अटॅक केला, म्हणजे जोर लावून पुढे पळालं, की पाय उचलतच नाहीत. आठवड्यात दोनदा ट्रॅक, एकदा-दोनदा रोडवर आरामात, एक दिवस पूर्ण सुट्टी, बास.

रेसमध्ये पोरं सगळ्यात जास्त फसतात ती एलिमिनेशनमध्ये. 250 च्या ट्रॅकवर दर दोन लॅपला शेवटचा बाहेर, आणि शेवटचा कोण ते मागच्या चाकावरून ठरतं, म्हणजे नुसतं पुढचं चाक रेटून भागत नाही. आमच्याकडे एक मुलगी होती, पायात सगळ्यांपेक्षा जास्त दम, तरी लागोपाठ तीन रेसमध्ये लवकर बाहेर. कारण एकच, ती काळ्या रेषेला चिकटून मागे बसायची, पुढे एक चाक, उजवीकडे एक खांदा, आणि बाहेर पडायला जागाच नाही. मग आम्ही दोन आठवडे फक्त एवढंच केलं, सहा पोरं, मध्यम स्पीड, दर दोन लॅपला शेवटच्याने वर निघून जायचं, आणि तिने दर वेळी पुढच्या दोघांत पण बाहेरच्या बाजूला राहायचं. चौथ्या रेसला ती शेवटच्या तिघांत होती. पॉइंट्स रेसचं वेगळं, तिथे दर 10 लॅपला स्प्रिंट आणि पहिल्या चौघांना 5, 3, 2, 1 पॉइंट, सगळ्या स्प्रिंट मारायला जाऊ नका, कुठल्या सोडायच्या ते आधी ठरवा.

रेसच्या दिवशी टायरची हवा, चाकाचे नट, चेनचा ताण आणि हँडलबारच्या टोकाचे प्लग स्वतः तपासा, मग 20 मिनिटं रोलरवर (सायकल जागेवरच चालवायचे फिरते रूळ) वॉर्मअप.

रेस झाली की बँकिंगच्या वरच्या बाजूने चारपाच लॅप आरामात, पण वळणात टायर घसरणार नाही एवढा स्पीड ठेवून, फिरून खाली यायचं, आणि घरी गेल्यावर नाही तर तिथेच बसून वहीत लिहायचं, गिअर कोणता होता, कितव्या लॅपला बाहेर पडलो, तेव्हा कुठल्या रेषेवर होतो. पुढच्या आठवड्याची प्रॅक्टिस आम्ही त्या वहीवरूनच ठरवतो.