पोटातल्या नळीचा खर्च: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांनी या चुका टाळा

अर्धांगवायूचा झटका असो, घशाचा कॅन्सर असो की डोक्याला बसलेला जबर मार, पेशंटला गिळता येईना की आधी नाकातून पोटात जाणारी नळी, म्हणजे राईल्स ट्यूब, घालून तिच्यातून अन्न देतात. चार-सहा आठवडे गेले तरी गिळणं सुधारत नसेल, तर डॉक्टर पोटातून नळी घालायचं सुचवतात. दुर्बिणीतून घातलेल्या नळीला पेग म्हणतात. ही पद्धत १९८० पासून वापरात आहे आणि प्रत्यक्ष काम साधारण अर्ध्या तासाचं. मग घरातलं कुणीतरी काउंटरवर जाऊन विचारतं, "पेगला किती?" पहिली चूक इथेच होते.

काउंटरवर सांगितलेला आकडा बरेचदा नुसत्या प्रोसिजरचा असतो. नळीचा किट, भूल, रक्त गोठण्याच्या तपासण्या, खाटेचे दिवस, यांतलं काय धरलंय आणि काय सोडलंय ते लेखी मागा. पेशंटला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर काही वेळा डॉक्टर त्या आधी थांबवतात. हे दिवस घरी काढता येतील का, हेही विचारा. नुसतं वाट बघत दवाखान्यात पडून राहिलं तरी खाटेचं भाडं चालूच असतं.

दुसरा प्रश्न पैशाचा वाटत नाही, पण आहे: नळी खरंच हवी का? झटक्यानंतर काही जणांचं गिळणं काही आठवड्यांत परत येतं. शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात तर नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. हे विचारायला संकोचू नका, चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

खोली निवडताना

विमा असला की "बाबांना चांगली खोली घेऊ" असं आपसूक तोंडात येतं. त्यामागची माया कळते, पण खोलीला मर्यादा असलेल्या पॉलिसीत हाच निर्णय सगळ्यात महाग पडतो. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ३,००० रुपये आहे आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली. अशा वेळी कंपनी फक्त वरचे तीन हजार कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होऊ शकतात. औषधं आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत, पण उरलेला फटकाच जड असतो.

बिलातली एक ओळ

डिस्चार्जच्या गडबडीत बिल कुणी वाचत नाही. ते वाचाच, निदान "किट" लिहिलेली ओळ तरी. विमा नियामकाच्या न देय, म्हणजे विम्यातून पैसे न मिळणाऱ्या, वस्तूंच्या यादीत डायपर, हातमोजे, खासगी नर्स, सोबतच्या माणसाचा खर्च, पेशंटचा जादा आहार हे सगळं आहे. त्याच यादीत "तपशील न दिलेला कोणताही किट" असाही मुद्दा आहे. म्हणून बिलात नुसतं "किट" आणि पुढे रक्कम असेल, तर ती कापली जाण्याची भीती खरी आहे. तिथे पेग नळीचं नाव, साइज आणि बॅच नंबर लिहून घ्या, पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. नळी का लागली, राईल्स ट्यूब किती दिवस होती, हेही डिस्चार्ज समरीत आलं पाहिजे. घरी पोचल्यावर हे कागद गोळा करणं फार जिकिरीचं होतं.

कार्ड कुठलं, दवाखाना कुठला

आपल्या भागात हा घोळ हमखास होतो. आई राहते खानापुरात, मुलगा नोकरीला कोल्हापुरात, आणि रेशन कार्ड कर्नाटकचं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला (दारिद्र्यरेषेवरच्या) पॅकेज दराच्या, म्हणजे योजनेने त्या उपचाराला ठरवलेल्या रकमेच्या, ३० टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. ठरवून करायच्या उपचारांना सहसा सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणजे बेळगावकरांना आधी जिल्हा रुग्णालय, बिम्स. थेट खासगीत भरती होऊन, पैसे भरून, नंतर योजनेतून परत मिळतील असं धरून चालू नका.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद आपल्याला नवा नाही, पण पेशंट खाटेवर असताना त्यावर विसंबून राहू नये. कोल्हापूर-मिरजेला निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) फोन करून कोणते कागद लागतील, ते विचारा. आधार, रेशन कार्ड आणि पॉलिसी यांवर नाव एकसारखं आहे का, तेही त्याच दिवशी बघा.

घरी आल्यावर

विमा कंपनीच्या लेखी ही एक भरती असते, घराला मात्र महिनोन् महिने खर्च चालू राहतो. आरोग्य संजीवनी पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा वैद्यकीय खर्च मागता येतो, पण चिठ्ठी आणि पावती दोन्ही लागतात. पुढचं फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न), सिरिंज, ड्रेसिंग खिशातून. फुग्याची नळी, म्हणजे पोटातल्या टोकाला फुगा असलेली, साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते, तेही हिशेबात धरा.

टाळता येण्यासारखा खर्च म्हणजे तुंबलेली नळी. नाचणीची आंबील आपल्याकडे घरोघरी असते, आणि नळीतून तीच द्यायचा मोह होतो. पण आंबील थंड होताना घट्ट होते आणि नळीत बसते. आहारतज्ज्ञाला विचारून, पातळ करून, बारीक गाळूनच द्या. फीडच्या आधी आणि नंतर कोमट पाणी सोडा, किती ते डॉक्टर सांगतील. गोळ्या पूड करून फीडमध्ये कालवू नका, वेगळ्या द्या. नळी निसटली तर घरी परत ढकलू नका. पहिल्या काही आठवड्यांत ती पोटाच्या पोकळीत शिरू शकते, आणि नंतरही भोक काही तासांत बुजायला लागतं. लगेच दवाखाना गाठा.

क्लेम नाकारला तर

बीपी-शुगर लपवून काढलेली पॉलिसी इथे अडकते. फॉर्ममध्ये खरं लिहा. नियमानुसार आधीच्या आजारांची प्रतीक्षा, म्हणजे त्यांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, आता जास्तीत जास्त ३ वर्षांची आहे, आणि सलग ५ वर्षं हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तरीही नकार आला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त वर्षाच्या आत जायचं. पॉलिसी कोल्हापुरात काढलेली असली तरी तुम्ही बेळगावात राहत असाल, तर बेंगळुरूच्या लोकपालाकडे अर्ज चालतो.